लाडोबाचं पथ्य आणि बाबांचं ताट

ती. स्व. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा राग कसा आहे? (दोन्ही थंडीत वाढतात, म्हणून एकत्रच विचारतो.) इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

आमच्या लाडोबाला, म्हणजे कुत्र्याला, कोंबडीची अ‍ॅलर्जी निघाली. खाजवून खाजवून पाठीचा पार उजाड माळ केला होता त्यानं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी शिजवा. फक्त मासा आणि भोपळा, वर ही जीवनसत्त्वांची पूड. मीठ, कांदा, लसूण वर्ज्य. दुसरा एक घासही पोटात जाता कामा नये." तेव्हापासून तुझी भावजय त्याचं वेगळ्या पातेल्यात शिजवते, मी बसून काटे काढतो. दुपारी ती ते ऊन करून, फुंकर घालून वाडग्यात वाढते नि मग आडवी होते. (माझ्यासाठी आजवर कोणी फुंकर घातलेली नाही.) तरी खाज हटेना! मी तिच्यावर संशय घेतला, तिनं माझ्यावर, आणि मग दोघांनी मिळून शेजारणीवर. शेजारणीनं बोलणं टाकलं.

परवा चष्म्याच्या दुकानातून दुपारीच घरी आलो, तर काय! आपले बाबा जमिनीवर मांडी ठोकून लाडोबाच्या वाडग्यातला मासा-भोपळा खातायत, आणि लाडोबा त्यांच्या ताटातली कोंबडी. दोघेही अगदी मन लावून.

"बाबा, अहो हे काय?"

"काय म्हणजे? माझं ताट सकाळीच झाकून ठेवता. गार होतं, चावत नाही. याचं बघ, ऊन, मऊ, काटे काढलेलं. वर 'जेवलास का रे' म्हणून दोघंही त्यालाच विचारता."

ताई, मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो. तिथे उभ्या उभ्या स्वतःचाच चष्मा काढून पुसला. तुझी भावजय उठून आली, ऐकलं, आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसली.

आता घरात कोंबडी बंद. दोघांचं एकाच पातेल्यात शिजतं, बाबांना मीठ तेवढं वरून. लाडोबाच्या पाठीवर लव आलीय, बाबांनी बाळसं धरलंय. शेजारीण अजून बोलत नाही.

भाचरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं जरा हवापालटाला जातोय. बाबा आणि लाडोबा तुझ्याकडे येतील.

आणखी एक. बाबांना अजून विचारलेलं नाही. लाडोबा तयार आहे.