छिगूचं उघडं तळं

मी त्साय बोंग-छी, वय शहात्तर, राहणार छिगू, ताइनान. पाणी छातीत झालं आहे, डोक्यात नाही. कोणाच्याही दडपणाशिवाय सांगते आहे आणि वकीलबाई लिहून घेत आहेत. माझ्या नावाचा अर्थ ‘आलीच आहे तर वाढवा’ असा होतो. तशीच वाढले. तक्रार नाही.

१. राहतं घर, पूर्वजांचा देव्हारा आणि बँकेतली ठेव मुलगा हुआंग यिंग-शून याला. त्याचा जो वाटा कायद्याने तोडता येत नाही, त्याहून हे जास्तच आहे.

२. माशांचं तळं त्याला नाही. आमच्या बाजूची बाकी सगळी तळी सौर पॅनेलांखाली गेली. माझ्या माघारी हेही द्यायचं त्याने ठरवलं आहे. इथे मासे काढून झाले की हिवाळ्यात पाणी पोटरीपर्यंत उतरवतात, तळाला ऊन लागावं म्हणून. उरलेल्या बारक्या मासळीवर उत्तरेकडून आलेले, चमच्यासारख्या चोचीचे काळतोंडे पक्षी जगतात. ते संपत आले होते. मग वाढले. आता सगळा थवा माझ्या एकट्या तळ्यात दाटीने उभा असतो. एक रोग शिरला तर सगळे जातील.

पॅनेलं वाईट, असं मला म्हणता येत नाही. कोळसा जाळून जग तापलं आहे; गेल्या उन्हाळ्यात पाणी तापून मासे मेले. भरतीला समुद्र बांधावरून आत आला. यिंग-शून म्हणाला, “आई, पॅनेलं नाही लावली तर समुद्र हे तळं गिळणारच. मग तुझे पक्षी काय छपरावर उभे राहणार?”

“गिळेपर्यंत तरी उभे राहू देत,” मी म्हटलं.

त्याचं बरोबर असेल. माझंही चूक नाही. हा वाद मिटवायला आता माझ्याकडे वेळ नाही.

३. तळं धाकटे दीर हुआंग श्वेइ-लाय यांना. यांनी आमचा बांध कोरून हातभर आत सरकवला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. ती हातभर जागा त्यांचीच, असं इथे लिहून देते. चोरी ती चोरीच, हेही लिहावं.

माझ्या तळ्याचं पाणी त्यांच्या चारीतून बाहेर जातं. त्यांनी चारीच्या तोंडाची पाणी अडवणारी फळी पाडून ठेवली असती तर माझं तळं कधीच उतरलं नसतं. पण एकाही हिवाळ्यात ती पाडलेली नव्हती. मी बांधावर जायच्या आत उचललेली असे. माणसाची ओळख मला एवढी पुरते.

अट एकच. दर हिवाळ्यात पाणी उतरवावं.

परवा त्यांच्या दारात गेले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “वहिनी, मी ऐंशीचा झालो. तळं देताय की तिरडी?”

“भाऊजी, दोन्ही लागणार.”

हसले. खुर्ची पुढे केली. त्यांना मूलबाळ नाही. म्हणाले, “घेतो. पण माझ्यानंतर?”

४. मी पुष्कळ नावं आठवून पाहिली. जागा कोरी ठेवा, कोणी सापडलं तर भरीन, असं वकीलबाईंना म्हटलं. मृत्युपत्रात कोरी जागा चालत नाही, म्हणाल्या. मग रेघ मारा, असं सांगितलं.

दीरांनंतर तळं: ————————

हे मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे.

अंगठा: त्साय बोंग-छी

साक्षीदार: लियाव ज्युन-हुई (लिहून घेणाऱ्या, वकील), शू थिएन-पाओ, वांग यू-लान

छिगू, मिंगुओ ११४ (इ.स. २०२५), अकराव्या महिन्याची चार तारीख