कोलोरिनोचा कृष्णपक्ष

२९ सप्टेंबर

नाही तोडली! पौर्णिमा उलटेपर्यंत तोडणारही नाही. कोलोरिनो द्राक्षाचे घड पिकून काळेठिक्कर झाले आहेत. एक मणी चिरडला तरी बोट दौतीत बुडवल्यासारखे दिसते. तथापि शुक्लपक्षात तोडलेले द्राक्ष सुकवायला टांगले की सडते, हा आमच्या तीर्थरूपांचा सिद्धांत. तीर्थरूप निवर्तले, सिद्धांत माझ्या वाट्याला आला. मळा मात्र त्यांनी थोरल्या बहिणीच्या, आर्जियाच्या नावावर केला. "ब्रान्दो वेली छाटायच्या सोडून त्यांना व्याख्यान देत बसेल," असे त्यांचे मत. निदान अचूक होते.

आर्जिया सकाळी म्हणाली, "समुद्राकडून ढग चढतायत बघ. आजच्या आज तोड."

"चंद्र अजून वाढतोय."

"मग त्यालाच बोलाव घड उतरवायला."

अशा प्रसंगी विवेकी पुरुषाने मौन धारण करावे आणि घेवडा खावा. दोन्ही केले.

३० सप्टेंबर

फ्लोरेन्सचे दंतवैद्य तेम्पेस्तिनी पुन्हा दर्शन देऊन गेले. शेजारची टेकडी त्यांनी घेतलीच आहे. आता आमच्या मळ्यावर कृपादृष्टी. "कोलोरिनोच्या त्या म्हाताऱ्या ओळी काढून टाकू. फ्रेंच वाण लावू. अहो, ह्या द्राक्षाची वाईन एकटी कोण पितं? नुसता रंग!"

मुळासकट उपटण्याचा गृहस्थांचा अनुभव दांडगा, हे निर्विवाद. पण नुसता रंग? सांजोव्हेझे हे इथले द्राक्षसम्राट, मान्य. कोलोरिनो मिसळला नाही तर सम्राटांची मुद्रा पांडुरोग्यासारखी दिसते, त्याचे काय? बाटलीवर नाव सम्राटांचे. असो. उपेक्षितांची बाजू मांडताना माझा आवाज चढतो. त्यात स्वार्थ आहे, हे या पानाला ठाऊक असावे.

दंतवैद्य गेल्यावर आर्जिया म्हणाली, "माझे गुडघे गेले, ब्रान्दो. कोर्सो लिव्होर्नोला बोलावतोय. तिथं लिफ्ट आहे." कोर्सो तिचा मुलगा, लिफ्ट हा त्याचा मुख्य युक्तिवाद. पुष्कळ हुज्जतीनंतर तिने शब्द दिला: यंदाची वाईन चांगली उतरली तर मळा विकायचा नाही. बिघडली तर मी तिला अडवायचे नाही.

मळा गेला की वाईनचे तळघर जाणार. तळघर गेले की माझ्यापाशी उरणार काय? विशेषणे.

४ ऑक्टोबर

पौर्णिमा. आणि कालपासून पाऊस. एक दिवस थांबायला काय झाले होते त्याला!

दिवसभर मळ्यात ताडपत्र्या ओढत होतो. वारा त्या उलट्या ओढत होता. संध्याकाळी घरी आलो तर आर्जियाने नुसते सूप पुढे ठेवले. टोमणा नाही, "सांगितलं होतं" नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

७ ऑक्टोबर

कृष्णपक्ष लागला. शास्त्रोक्त मुहूर्तावर, घोटाभर चिखलात, तोडणी संपन्न. शेजारचा नेल्लो मदतीला आला होता; त्याची जीभ मदतीच्या आधी पोचते. "काय रे ब्रान्दो, द्राक्षं सुकवणार आहेस की धुणं वाळत घालणार आहेस?"

घड जोडीजोडीने माळ्यावरच्या तुळयांना टांगले. उत्तरेकडचे झरोके उघडे ठेवले. उत्तरेचा कोरडा वारा आला तर वाचलो. सध्या येतो आहे तो दक्षिणेचा, ओल्या टॉवेलसारखा.

१३ ऑक्टोबर

टाकीने बोलणे सोडले.

आधीच तोडलेले सम्राट सांजोव्हेझे तळघरातल्या सिमेंटच्या टाकीत चांगले उकळत, गुरगुरत होते. अर्ध्या वाटेत गप्प! कान लावला: शांतता. चाखले: गोड, फिके, चिकट. आंबणे अर्धवट थांबलेली वाईन अशीच राहिली तर हिवाळ्यात तिचे व्हिनेगर होणार.

उपाय एकच, आणि तो माळ्यावर टांगलेला आहे. सुकलेला कोलोरिनो चिरडायचा, चुलीजवळ ठेवून तो स्वतः उकळू लागला की टाकीत ओतायचा. त्याच्या संगतीने निजलेली वाईन पुन्हा उठते, रंगही चढतो. आमच्याकडे ह्या रीतीला गोव्हेर्नो म्हणतात, म्हणजे राज्यकारभार. ह्या देशात नीट चाललेला राज्यकारभार मी एवढा एकच पाहिला आहे. इतर वर्षी ती शोभा असते. यंदा प्राणांशी गाठ आहे.

१९ ऑक्टोबर

माळ्यावर बुरशी. राखाडी, मऊ, मांजराच्या पोटासारखी.

२० ऑक्टोबर

सडलेले घड उतरवून बादलीत टाकले. बादली भरली. दुसरी आणली. पुढे लिहवत नाही.

२५ ऑक्टोबर

रोज दुपारी आर्जिया गुडघे धरून माळ्याचा जिना चढते. कात्री घेऊन बसते आणि घडाघडातून सडका मणी टिपून काढते, चांगल्याला धक्का न लावता. माझ्या हातून एक सडका काढताना तीन चांगले फुटतात. तिची बोटे नखांपर्यंत जांभळी झाली आहेत.

मी म्हणालो, "तू कशाला चढतेस? वाईन बिघडली तर तुझंच बरं आहे की. लिफ्ट!"

"सडलेलं दिसलं की हात जातो," ती म्हणाली. "तू गप बस आणि दिवा इकडे सरकव."

२ नोव्हेंबर

पितरांचा दिवस. शेवंती घेऊन स्मशानात. तीर्थरूपांच्या शिळेपुढे उभा राहून सविनय पृच्छा केली, की महाराज, पौर्णिमेलाच पाऊस कोसळला तर काय करावे, असे एखादे पोटकलम आपल्या सिद्धांतात होते का? असल्यास ते आपण सोबत नेले काय?

आर्जियाने कोपर मारले. "मेलेल्याशी भांडू नकोस. लोक बघतायत."

परतताना पायवाटेवर ती दोनदा थांबली. धाप लागली होती. मी वेलींकडे बघत असल्याचे सोंग केले. खरे तर वेलींकडे बघण्यासारखे काही उरले नाही; पाने लाल होऊन गळली. कोलोरिनोची पाने इतरांपेक्षा लाल होतात. बाबा हाताला धरून दाखवायचे. आज दाखवायला कोणी नव्हते, बघायला मी होतो.

११ नोव्हेंबर

सान मार्तिनोचा सण. आज अख्खे गाव नवी वाईन उघडते. नेल्लो भाजलेली चेस्टनट आणि स्वतःची सुरई घेऊन आला. त्याची वाईन टवटवीत, उद्धट, झकास. मग म्हणाला, "आण तुझी."

आणली. त्याने उजेडात धरली, चाखली, बराच वेळ गालात घोळवली. माणूस दुष्ट नाही. चांगला शब्द शोधत असावा.

"खोकल्यावर उत्तम आहे," शेवटी म्हणाला.

आर्जिया हसली. मीही हसलो. नेल्लो गेल्यावर तळघरात जाऊन टाकीला टेकून बसलो. छप्पन्न वर्षांचा माणूस सिमेंटला कान लावून बसतो आणि आतून काहीच ऐकू येत नाही. ह्यावर एखादी कोटी सुचेल म्हणून वाट पाहिली. सुचली नाही.

१८ नोव्हेंबर

माळ्यावर जे वाचले ते उतरवले. एरवी टोपल्या लागतात. यंदा सगळे आर्जियाच्या घेवड्याच्या मोठ्या पातेल्यात मावले. पण जे आहे ते अस्सल! मनुकांसारखे सुरकुतलेले, जाड सालीचे, चावल्यावर जीभ काळी. तिनेच चिरडले. पातेले चुलीशी ठेवले आणि त्यावर आपली लोकरीची शाल गुंडाळली. "तापलेल्या पोरासारखं दिसतंय," म्हणाली.

२० नोव्हेंबर

पातेल्यात बुडबुडे! दुपारी टाकीत ओतले. एवढ्या मोठ्या निद्रेपुढे एवढेसे पातेले. ओतताना आर्जियाने खालून आधार दिला. सम्राटांनी प्रसाद गिळला आणि डोळा उघडला नाही.

२१ नोव्हेंबर

काही नाही.

२२ नोव्हेंबर

काही नाही. टाकीला घोंगड्या गुंडाळल्या, तळघरात शेगडी पेटवली, टाकीशी गोड बोललो, मग अर्वाच्य बोललो. संस्कृती आणि शिवी, दोन्ही निष्फळ.

आर्जिया म्हणाली, "पुरे रे आता. वर ये. भाकर घातलेलं कोबीचं सूप केलंय."

"तुझ्या मनासारखं झालं ना?" मी म्हणालो. बोलायला नको होते. ती वर निघून गेली. एकेका पायरीवर थांबणे मला खालून ऐकू येत होते.

आजवर मी प्रत्येक संकटाला एखादे भारदस्त नाव देऊन त्याचे तोंड बंद केले आहे. ह्याला नाव देता येत नाही. विकायला मळा तिचा आहे. हरवायला माझ्यापाशी फक्त दिवस आहेत, आणि ते कोणत्या कामाने भरायचे हे मला ठाऊक नाही. लिव्होर्नोला माझ्यासाठी खोली नाही. कोर्सोने नाही असे कधी म्हटले नाही, आणि आहे असेही कधी म्हटले नाही.

२४ नोव्हेंबर

टाकी बोलू लागली! सकाळी आधी एक उसासा, मग अखंड गुरगुर. रंग असा दाट, की पेल्यातून खिडकी दिसेना. धावत जाऊन आर्जियाला हाताला धरून खाली आणले. तिने टाकीला कान लावला. मग कान न काढताच म्हणाली,

"पौर्णिमेला पाऊस होता ना, त्याच दिवशी मी दंतवैद्याच्या कागदावर सही केली, ब्रान्दो. तू ताडपत्र्या ओढत होतास तेव्हा. मग टाकी गप्प झाली. मला वाटलं आता ही वाईन काही उठत नाही, बिघडली म्हणून मळा विकला असंच होईल, आधीच्या सहीचं तुला सांगावंच लागणार नाही."

यंदाची वाईन उत्कृष्ट उतरणार.