भट्टीला चिकटलेली कात्री

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा तूर्त उभ्याउभ्याच). तुझा गुडघा काय म्हणतो? काका अजून औषध कुंडीत ओततात का? इकडे मी ठीक, म्हणजे घास उतरत नाही, बूड एका जागी टिकत नाही आणि कुरतडायला नखं उरलेली नाहीत.

कारण आमची भट्टी. ती वर अंतराळस्थानकात आणि मी खाली पडद्यासमोर. तिच्यात वितळलेला रस सावकाश गोठून स्फटिक होतो, पुढे त्याच्या चकत्यांवर संगणकाच्या चिपा बनतात. जमिनीवर गरम रस वर चढतो, गार खाली बसतो, आणि त्या खळबळीत स्फटिकात पट्टे पडतात. वर वजनच जाणवत नाही, त्यामुळे ही चढउतार जवळजवळ थांबते. उरलीसुरली चुळबुळ चुंबक दाबून धरतो. (असाच एक मलाही लावावा, असं आमचे साहेब म्हणतात.)

पण वर एक अंतराळवीरही आहे. आम्ही त्याला वादळ म्हणतो. भट्टी हादरते, म्हणून स्फटिक होईपर्यंत व्यायामाच्या पट्ट्यावर पळू नकोस, असं मी त्याला बजावलं. त्याच्या तब्येतीवर खालून नजर ठेवणाऱ्या डॉक्टरीणबाई कडाडल्या, "पळाला नाही तर हाडं ठिसूळ होतील त्याची!" मी म्हणाले, "हाडं भरून येतील, स्फटिक नाही येणार!" (चुकलंच माझं. बाईंनी अबोला धरला.) शेवटी वादळानं पळणं पुढे ढकललं आणि करमेना म्हणून स्वतःचे केस कापायला घेतले, तेही नेमके भट्टीशेजारी. कात्री पोलादी! चुंबकानं ती हातातून हिसकली ती थेट भट्टीवर, ठण्ण! पडद्यावरची हादरे दाखवणारी रेघ उडाली, मी खुर्चीसकट मागे. वरून आवाज आला, "ताई, रागावू नका, पण कात्री निघत नाहीये." चुंबक बंद करावा तर रस हिंदकळणार. म्हणून कात्री तिथेच राहिली, आणि तो बिचारा अर्ध्या डोक्यानिशी पत्रकारांना मुलाखती देत राहिला.

काल स्फटिक खाली आला. चिरला. ठण्णच्या जागी एक बारीक पट्टा, पुढे सगळं नितळ. साहेब भिंग सोडेनात. "एवढा धक्का बसूनही चुंबकानं रस शांत केला, आणखी काय हवं?" मी भर प्रयोगशाळेत रडले. डॉक्टरीणबाईंनी न बोलता रुमाल पुढे केला.

आता हा जीव टांगणीला लावणारा उद्योग पुरे. स्वस्थ बसणार आहे.

तुझी,
भिंगरी

ता. क. पुढच्या खेपेला भट्टीसोबत तिची नाडी ओळखणारं माणूस वर पाठवायचंय. त्यांनी मला निवडलंय. मी हो म्हणालेय. आईला तू सांगशील?

आणखी एक : आई रडली तर मला फोन कर. नाही रडली तर ताबडतोब कर.