दादाला आणायला गेले तो दिवस

आई,

तू गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी न्यूझीलंडला दादाकडे गेले होते. हे तुला सांगायचं राहूनच गेलं. बाबांनी 'जा' म्हटलं नव्हतं, 'नको'ही म्हटलं नव्हतं. निघायच्या दिवशी मात्र तू घालायचीस तसं कैरीचं लोणचं त्यांनी माझ्या बॅगेत ठेवलं, कोणासाठी ते न सांगता. तिकडच्या विमानतळावर तपासणीवाल्यांनी ते काढून टाकलं. तुला आठवत असेल, इराकच्या लढाईनंतर आपण कुवेतला, मंगफच्या घरी परत आलो तेव्हा बाबांनी दादासाठी इथेच नोकरी बघून ठेवली होती आणि त्याला न्यूझीलंडला जायचं होतं. स्वयंपाकघरात, तुझ्यासमोरच बाबा म्हणाले, "गेलास तर परत येऊ नकोस." तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं थांबलं नाही. दादाने तो शब्द पाळला, तू गेलीस तेव्हासुद्धा.

तिकडे त्याच्या घरी तो माझ्याशी फक्त जेवणाखाण्याचंच बोलायचा. मग एका रविवारी त्याने सगळ्यांसाठी सहलीची तिकिटं काढली. बरोबर गाइड, सकाळी जुनं जंगल, दुपारी चमकणाऱ्या किड्यांची गुहा. बसमध्ये मी त्याच्या मुलीला विचारलं, "आजोबांना भेटायला येशील?" ती "मेबी" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. जंगलात गाइड एका प्रचंड झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून त्याचं वय सांगत होता. बाकीचे पुढे गेले. आम्ही दोघंच मागे राहिलो.

"दादा, एकदा येऊन जा. बाबा थकलेत."

"त्यांनी बोलावलंय?"

मी खाली पडलेलं एक पान उचललं.

"आईसाठी आलो नाही मी. आता त्यांच्यासाठी आलो, तर तिला काय सांगू?"

"आई कुठे विचारायला येणार आहे!"

"म्हणूनच," तो म्हणाला आणि चालायला लागला.

दुपारी गुहेत आम्ही नावेत बसलो आहोत. गाइडने आधीच बजावलंय, आत बोलायचं नाही. वर छतभर निळसर ठिपके. त्या अळ्या आहेत म्हणे, भुकेल्या. उडणाऱ्या चिलटांना वाटतं, मोकळं आभाळ आलं, आणि ती वर जाऊन चिकट धाग्यांत अडकतात.

कुवेतला उतरले तेव्हा बाबा न्यायला आले होते. ते माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या दाराकडे बघत होते. बाहेर येणारी माणसं संपली, तेव्हा म्हणाले, "थंडी होती का तिकडे?" मी म्हटलं, "होती." ते माझी बॅग उचलून गाडीकडे चालायला लागले. पुढच्या रमजानात ते गेले. मी दादाला फोन केला. तो फक्त "बरं" म्हणाला. आला नाही. आता फोनही होत नाही.

हा कागद घडी घालून तुझ्या साड्यांत ठेवून देईन. एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. त्या नावेत दादाने माझा हात धरला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा, घट्ट. बाबांची मला तेव्हा आठवणही नव्हती. नाव बाहेर उजेडात येऊच नये, असं वाटत होतं.