मागून येतेय

प्रिय घाईबाई,

आपल्या त्या शेतावरच्या रिसॉर्टला जाऊन आलो, इतक्या वर्षांनी, एकटाच. मालकीणबाईंनी लगेच ओळखलं. "गोठ्यात धावत शिरून दुधाची बादली लवंडणाऱ्या बाई कुठायत?"

आपला घटस्फोट झालाय हे सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, "मागून येतेय."

"त्या आणि मागून?" त्या हसल्या. "तेव्हा तर तुम्हीच धापा टाकत मागे होतात!"

तरी अंगणात त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या. तुझ्या खुर्चीवर मांजर चढायला लागलं, तर मी त्याला हाकललं. थाप माझीच, आणि दिवे लागेपर्यंत फाटकाकडे बघत बसलो तोही मीच.

हे पत्र काही टाकणार नाही. टाकलं, की पुन्हा फाटकाकडे बघत बसणं आलं.

तुझी, म्हणजे तेव्हाची,
गोगलगाय