लेबर फोर्सच्या बाहेर

१८ फेब्रु., मंगळ
मी कोथिंबीर आणायला इंडियन स्टोअरला गेले, तेवढ्यात सरकारी सर्व्हेवाल्या बाई येऊन गेल्या. रोजगाराचा दरमहा होणारा सर्व्हे. ज्याची आकड्यांची टेबलं मी सात वर्षं हौसेने उघडून बसते, त्यात आमचंच घर निघालं. आणि उत्तरं दिली श्रीने. घरातल्या एकानेच सगळ्यांची दिली तरी चालतात. काय विचारलं, तर म्हणे, "रुटीन गं." नागपूरला आठ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं मी, आणि दार उघडलं नवऱ्याने. चिडचिड झाली. अजून तीन महिने फोनवर विचारणार आहेत, ते मी घेईन.

३ मार्च, सोम
श्रीची नोकरी गेली. दहा मिनिटांचा कॉल, लगेच लॅपटॉप लॉक. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला, माझा त्याच्या व्हिसाला. साठ दिवस. म्हणजे २ मे. तोवर दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर इथलं फ्रिस्कोचं घर, ईराची तिसरी, सगळं अर्धवट टाकून...
पोरीला सांगितलेलं नाही.

७ मार्च, शुक्र
सकाळी साडेसातला इथले देशभराचे फेब्रुवारीचे रोजगाराचे आकडे आले. ईराचा डबा भरता भरता वाचले. बेकार कोण, तर ज्याला काम नाही आणि जो गेल्या चार आठवड्यांत शोधत होता. पुढच्या महिन्यात श्री यात येईल. मी नाही. मी शोधत नाही, कारण मला इथे काम करायची परवानगीच नाही. म्हणून मी बेकारसुद्धा नाही, 'लेबर फोर्सच्या बाहेर'. वर्गात हे शिकवताना फळ्याच्या कोपऱ्यात एक गोल काढून पुढे जायचे. त्या गोलात कोण राहतं, एकदाही सांगितलं नाही पोरांना.

१२ मार्च, बुध
श्री रोज इस्त्रीचा शर्ट घालून लायब्ररीत जाऊन बसतो. तिथून अर्ज करतो. शेजारच्या जोशीकाकूंना, मराठी मंडळातल्यांना कळायला नको. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणतो. काकूंनी आज विचारलंच, "श्रीरंगला रोज ऑफिसला बोलवायला लागले वाटतं?" हो म्हटलं. खोटं बोलायची सवय होतेय.

१७ मार्च, सोम
या आठवड्यात सर्व्हेचा फोन. श्री म्हणतो, "मी काम करतोय असंच सांग. मागच्या वेळी तेच सांगितलंय." म्हटलं, नावं कोणाला देत नाहीत, तसा कायदा आहे. तर, "तुझा कायदा पुस्तकातला. सरकार ते सरकार, व्हिसावाल्यांना कळणारच, यार." हळू आवाजात भांडलो. ईरा होमवर्क करता करता, "व्हाय आर यू गाइज व्हिस्परिंग?"
खरं तर मलाही खात्री नाही. पण आमचं एक घर हजारो घरांच्या वतीने मोजतात. मी खोटं सांगितलं तर इतकी वर्षं मी वाचतेय काय? आणि खरं सांगून काही झालं तर? इकडे आड, तिकडे विहीर. भीती वाटते.

१९ मार्च, बुध
फोन आला. लिंडाबाई, आवाज गोड, मधेमधे खोकला. श्री समोर बसून मानेनेच नको नको करत होता. मी सांगून टाकलं, नवऱ्याची नोकरी गेलीय, रोज शोधतोय. त्याने डोकं धरलं. बाई म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी."
मग माझी पाळी. काम केलं? नाही. शोधलं? नाही. मग विचारलं, तुम्हाला नोकरी हवी आहे का?
सात वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आईने नाही, श्रीने नाही. येस म्हटलं. जरा मोठ्यानेच.
मग शोधत का नाही? परवानगी नाही. कीबोर्ड वाजला. "हे मी 'इतर कारणं'मध्ये टाकते," बाई म्हणाल्या.
फोन ठेवल्यावर श्रीने डोक्यावरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, "हा प्रश्न मागच्या महिन्यात मलाही विचारला होता. तुझ्याबद्दल. मी नो सांगितलं."
"का?"
"मला वाटलं, तुला नकोच आहे."
मी कुकर लावायला उठले. उद्या त्याचा इंटरव्ह्यू आहे, दोन राउंड. ४४ दिवस उरलेत. बाई एप्रिलमध्ये परत फोन करतील, तेव्हा इथे असलो तर...