शेवटच्या रांगेतून आलेला सल्ला

ती. आई,
वाकून नमस्कार.

आज माझं गाणं होणार; धुकं हटलंय, असं व्यवस्थापकांनी आत्ताच सांगितलं. डोंगरउतारावरचं हे उघडं सभागृह म्हणजे उभं केलेलं भलंमोठं सूपच! भिंती नाहीत, नुसतं वाकवलेलं लाकडी छत. मंचावरची कुजबुजसुद्धा वर शेवटच्या रांगेत पोचते.

मला काय ठाऊक! सकाळी मी तबलजीकाकांच्या कानात म्हटलं, "घसा बसलाय, कुणाला सांगू नका." वर शेवटची रांग झाडणाऱ्या मावशी तिथूनच ओरडल्या, "अहो बाई, मिठाच्या गुळण्या करा!"

केल्या. बराच आराम आहे, तू काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात ना?

आता बोलावतीलच. पहिला सूर वर पोचला, की मावशी झाडू उंचावून दाखवणार आहेत.

तुझी,
धाकटी